रागाच्या भरातला राजीनामा आणि सभासदाचा ऊस



या अंकासाठी आम्ही खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहावे असे ठरले होते. ते पुढील अंकी लिहूच. पण गेल्या पंधरवड्यात एका गट ऑफिसात जो प्रसंग घडला, त्यामुळे विषय बदलावा लागला. दुपारची वेळ होती. एक ज्येष्ठ सभासद तावातावाने आत आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "साहेब, त्या चिटबॉयला आजच्या आज घरी घालवा. माझी तोड आठ दिवस लांबवली त्यानं. चेअरमनसाहेबांना मी सांगतो, तुम्ही फक्त राजीनामा लिहून घ्या."

आम्ही तोडणी कार्यक्रमाची वही काढली. त्यांच्या प्लॉटची लागण नोंद पाहिली. तोड लांबली होती हे खरे. पण त्या भागातील टोळीचे चार कोयते आजारपणामुळे गावी परत गेले होते. त्यात चिटबॉयचा काही दोष नव्हता. आम्ही त्यांना चहा दिला, वही दाखवली. राग उतरल्यावर ते म्हणाले, "तसं असंल तर राहू द्या. पण पोरगं बोललं मात्र उद्धट." मग त्या मुलाला बोलावून समज दिली, त्याने चूक कबूल केली आणि प्रकरण मिटले.

मिटले हे बरे झाले. असे प्रकरण न मिटता वाढले तर काय होते, हे आम्ही एकदा फार जवळून पाहिले आहे. म्हणूनच हा लेख.

कोणी म्हणेल, शेतकीची पदविका घेतलेल्या माणसाने लागणीवर, खतावर, हुमणीवर लिहावे. राजीनामे आणि बडतर्फी हा कामगार अधिकाऱ्यांचा विषय. बरोबर आहे. आम्ही वकील नाही. कायद्याचे जे पुढे लिहिले आहे ते जाणकारांकडून समजून घेऊन लिहिले आहे. तथापि नोकरीवरून काढण्याच्या वादाचा उसाच्या तोडीशी जो संबंध आहे, तो शेतकी खात्यातल्या माणसाला जितका दिसतो तितका इतरांना दिसत नाही, असे आमचे मत आहे.

एका सहीची गोष्ट

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका कारखान्यात शेती मदतनीस होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आमच्या गटात एक जुना चिटबॉय होता. कायम हंगामी म्हणून त्याची अकरा वर्षे झालेली. माणूस शिकलेला बेताचा, पण वही चोख. कोणाची लागण कोणत्या तारखेची, कोणाच्या बांधावरून गाडी निघत नाही, कोणाच्या विहिरीला पाणी कधी आटते, सगळे त्याला तोंडपाठ.

त्या गटात एक वजनदार सभासद होते. त्यांचा पूर्वहंगामी ८६०३२ चा चार एकर ऊस. क्रमाप्रमाणे तोड जानेवारीत यायची होती. त्यांना नोव्हेंबरअखेर रान मोकळे करून गहू पेरायचा होता. चिटबॉयने वही पुढे धरली आणि सांगितले, "आण्णा, वहीप्रमाणं तुमचा नंबर जानेवारीत हाय. मधी पन्नास सभासद हायत. त्यास्नी मी काय सांगू?"

एवढेच बोलणे. संध्याकाळी त्याला ऑफिसात बोलावले. दार लावून घेतले. "सभासदाशी उर्मटपणा केलास. राजीनामा लिहून दे, नाहीतर चिठ्ठ्यांत घोळ केला म्हणून पोलिसांत देतो," असे त्याला सांगण्यात आले. हजेरी वहीतलाच एक कागद फाडला. सांगितले तसे त्याने लिहिले : घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. त्यातली दुसरी सही आमची होती. आम्ही तेव्हा उमेदवारीवर होतो. 'कर सही' म्हटल्यावर सही केली. त्याच रात्री राजीनामा मंजूर झाल्याचा शेरा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस राजीनामा मागे घेत असल्याचा अर्ज घेऊन आला. आवक कारकुनाने अर्ज घेतला नाही. मग त्याने तो पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्या पोचपावतीने पुढे सात वर्षांनी खटला फिरवला.

कोर्टात आम्हांला साक्षीला बोलावले. वकिलांनी विचारले, "त्याने राजीनामा आपल्या खुशीने लिहिला का?" आम्ही म्हणालो, "नाही." "मग तुम्ही साक्षीदार म्हणून सही का केली?" आम्ही म्हणालो, "आमचीही नोकरी होती." कोर्टात कोणी काही बोलले नाही. पण ते उत्तर देताना जी शरम वाटली, ती आजही कमी झालेली नाही.

निकाल असा लागला : हा राजीनामा नव्हेच, चौकशी न करता कामावरून काढणे आहे. नोकरी सलग धरून त्याला पुन्हा कामावर घ्यावे आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्यावा. तो परत आला. पण त्याला वही मिळाली नाही, साखर गोदामात पाठवले. सात वर्षे तो दुसऱ्याच्या रानात रोजाने गेला होता. थोरल्या मुलाची शाळा दहावीला सुटली होती. पगार कोर्टाने मिळवून दिला, मुलाची शाळा मात्र सुटली ती सुटलीच.

आता यातली सभासदांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ऐका. तो चार एकर ऊस नोव्हेंबरअखेर तुटला. मधले पन्नास सभासद मागे सरकले. आणि त्या दिवसापासून त्या गटातल्या एकाही चिटबॉयने कोणाही वजनदार माणसाला 'वहीप्रमाणे नंबर नाही' असे म्हटले नाही. म्हणणार कसा? एकाचे काय झाले हे सगळ्यांनी पाहिले होते. तोडणी कार्यक्रम भिंतीवर लावलेला होता, पण तो नावालाच उरला.

म्हणून आम्ही म्हणतो, चिटबॉयची नोकरी ही केवळ त्याच्या पोटाची बाब नाही. ज्या दोन एकरवाल्या सभासदाच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्या तोडीचा नंबर त्या नोकरीच्या आधारावर उभा असतो. शब्द टाकला की माणूस घरी जातो असे एकदा झाले, की वही बळकटाच्या हातात गेली म्हणून समजावे.

पैशाचा हिशेब

भावनेची गोष्ट बाजूला ठेवू. निव्वळ हिशेब करू. समजा एखाद्या कायम कामगाराचा महिन्याचा पगार १८ हजार रुपये आहे. त्याला नियमाबाहेर काढले, खटला सात वर्षे चालला आणि पूर्ण मागील पगारासह परत घेण्याचा निकाल झाला. सात वर्षांचे महिने ८४. रक्कम झाली १५ लाख १२ हजार. वकिलांचा खर्च, प्रॉव्हिडंट फंडाचा भरणा, त्याच्या जागी ठेवलेल्या माणसाचा पगार हे वेगळेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. त्या भावाने हे सव्वाचारशे टन उसाचे पैसे झाले. एकरी ४५ टन धरले तर साडेनऊ एकरांचा ऊस, आणि त्या बदल्यात कारखान्याला कामाचा एक तासही मिळालेला नाही.

हे पैसे कोण भरतो? चेअरमन भरत नाहीत, राजीनामा लिहून घेणारा अधिकारी भरत नाही. कारखाना सहकारी आहे, तेव्हा ते सभासदाच्या अखेरच्या हप्त्यातून जातात किंवा कारखान्याच्या कर्जात मिळतात. खाजगी मालक चुकला तर स्वतःच्या खिशातून भरतो. आपल्याकडे चूक एकाची आणि भरणा हजारोंचा.

मागील पगार दरवेळी पूर्णच मिळतो असे नाही. कामगाराने मध्यंतरी दुसरीकडे कमाई केली असेल, खटला त्याच्यामुळेच लांबला असेल, तर कमी होतो. पण आपल्याच महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितले, की बेकायदा काढलेल्या माणसाला सलग नोकरी आणि मागील पगारासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम होय. आपण बेकार होतो एवढे त्या माणसाने सांगावे. तो दुसरीकडे कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते.

राजीनामा केव्हा पक्का होतो?

आपल्याकडे एक समज फार पसरला आहे, की कागदावर सही झाली म्हणजे राजीनामा झाला. तसे नाही. राजीनामा मंजूर होऊन ती मंजुरी त्या माणसाला रीतसर कळेपर्यंत, किंवा पुढची तारीख घालून दिला असेल तर ती तारीख उजाडेपर्यंत, सर्वसाधारणपणे तो मागे घेता येतो. नियमात वेगळे काही लिहिले असेल तर ते पाहावे लागते.

कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला. तेवीस वर्षे नोकरी झालेल्या या कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये मागे घेतला. महामंडळाचे म्हणणे, आम्ही एप्रिलमध्येच तो मंजूर केला होता. न्यायालयाने पाहिले तर मंजुरीचे ते पत्र ऑफिसातल्या ऑफिसात फिरलेले, त्या माणसाला पोचल्याचा पुरावा नाही. निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने झाला. पुन्हा कामावर घेणे आणि मधल्या काळाचा निम्मा पगार.

एवढ्या मोठ्या संस्थेला जो कागद महाग पडला, तो आपल्या गट ऑफिसात दररोज लिहिला जाऊ शकतो. आणि जबरदस्तीने लिहून घेतलेला राजीनामा तर मुळातच राजीनामा नव्हे. 'स्वखुशीने' हा शब्द ज्या राजीनाम्यात फार ठळक असतो, तिथे खुशी किती होती याची चौकशी कोर्ट हमखास करते.

'महिन्याची नोटीस देऊ आणि मोकळे होऊ'

दुसरा समज असा, की एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार हातावर ठेवला की कोणालाही घालवता येते. नोटीस ही हवीच. पण कायम कामगाराला नोटीस पुरेशी नाही, कारणही लागते. कोलकात्याच्या एका सरकारी जलवाहतूक कंपनीच्या नियमांत तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, कायम नोकराला काढण्याची सोय होती. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच रद्द ठरवला. ज्याच्याजवळ घासाघीस करण्याची ताकद नाही त्याच्याकडून अशा अटीवर सही घेणे हे न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

तिसरा समज गैरहजेरीचा. 'आठ दिवस न सांगता राहिला, नाव आपोआप कमी झाले.' असे कलम अनेक ठिकाणच्या स्थायी आदेशांत असते. तसे असूनही १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की माणसाला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याचे नाव कमी करता येणार नाही. त्या कामगाराचे म्हणणे होते, मला गेटवरच अडवले. ते खरे की खोटे, हे चौकशीशिवाय कळणार कसे? आपल्याकडेही कोणी बाळंतपणासाठी, कोणी आईच्या दुखण्यापायी गैरहजर राहतो. फोन करतो, तो फोन टाइम ऑफिसच्या मस्टरमध्ये लिहिला जात नाही. मागाहून मस्टर खरे आणि माणूस खोटा ठरतो.

माणूस जास्त झाले म्हणून कमी करायचे असेल तर त्याचीही रीत ठरलेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ती कायम आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला, म्हणजे साधारण २४० दिवस भरलेल्याला, कारणासहित एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार.

हंगामी कामगारांची यादी

आपल्या धंद्यात हंगामी कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. गव्हाणीवरचा, बॉयलरवरचा, काट्यावरचा कित्येक माणूस हंगामापुरताच असतो. हंगाम बंद झाला आणि तो घरी गेला, यालाही 'काढले' म्हणायचे का? पंजाबातील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात १९९५ साली, आणि मागाहून साताऱ्याच्या कृष्णा कारखान्याच्या खटल्यात १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हंगाम संपल्यावर काम थांबणे ही कामगारकपात नव्हे. दोन्ही ठिकाणी कारखान्याची बाजू मान्य झाली.

पण निकालाचा दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. न्यायालयाने असेही म्हटले, की कारखान्याने हंगामी कामगारांची नोंदवही ठेवावी, नवा हंगाम सुरू होताना आसपासच्या गावांत जाहीर करावे आणि जे हजर होतील त्यांना ज्येष्ठतेप्रमाणे, कामाच्या गरजेप्रमाणे घ्यावे. म्हणजे हंगाम संपला की नाते संपले असे नाही. मोळी टाकायच्या आधी जर जुन्याला डावलून कोणाच्या मेहुण्याला घेतले, तर ते या निकालाला धरून नाही.

पॅनल बदलले की माणसे बदलायची, ही खोड आपल्या सहकाराला ठाऊक नाही असे कोणी म्हणणार नाही. 'हा त्यांच्या काळातला' आणि 'हा आपल्या काळातला' अशी कामगारांची वाटणी होते. निवडणूक सभासदांनी संचालकांची केलेली असते, पॅनमनची नव्हे. पाक कधी घट्ट झाला हे त्या पॅनमनच्या बोटांना कळते. त्याला पॅनल ठाऊक नाही.

सोडून जाणाऱ्यांविषयी

एकाच बाजूचे बोलणे बरोबर नव्हे. नोटीस कामगारानेही द्यायची असते, आणि तिथेही आपल्याकडे ढिलाई आहे. ऐन जानेवारीत, गाळप भरात असताना, एखादा फिटर किंवा पॅनमन खाजगी कारखान्यात जास्त पगार मिळतो म्हणून रातोरात निघून जातो. सकाळी पाळीला माणूस नाही. त्याचा फटका गव्हाणीपासून थेट फडातल्या तुटलेल्या उसापर्यंत बसतो. तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वजन जाते, उतारा जातो. नोकरी सोडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्याला बांधून ठेवता येणार नाही. पण ठरलेली मुदत पाळणे हे बांधीलकीचे काम आहे. १९४६ च्या कायद्याखालच्या केंद्रीय नमुना स्थायी आदेशांत मासिक पगारदारासाठी एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच होती, हे ध्यानात घ्यावे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अटही मान्य केली : तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरावे लागतील. म्हणजे ठरावाला किंमत आहे, आणि ती दोघांनाही आहे.

मात्र सोडून जाणाऱ्यावर सूड उगवू नये. नोटीस दिली नाही तर नोटिशीच्या पगाराचा हिशेब करावा, तोही नियमात बसेल तेवढाच. त्याचे डिप्लोमाचे मूळ सर्टिफिकेट कपाटात कोंडून ठेवणे, अनुभवाचा दाखला न देणे, फंडाचे कागद अडवणे, हे आपल्याला शोभत नाही. ग्रॅच्युइटीचे तर स्पष्ट आहे. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा, की पाच वर्षे पुरी झालेल्याने राजीनामा दिला तरी त्याची ग्रॅच्युइटी देणे लागते, आणि ती तीस दिवसांत द्यायची असते. मुद्दाम केलेले नुकसान, मारामारी, नीतिभ्रष्टतेचा गुन्हा अशा कारणांनी काढले असेल तरच ती अडवता येते. आणि वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचा किंवा काढलेल्याचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. आपल्या कानावर 'पुढच्या महिन्यात या' हे शब्द फार येतात. ते आता बंद झाले पाहिजेत.

'मग कामचुकाराला काढायचेच नाही का?'

हा प्रश्न सभासद हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. काढायचे. दारू पिऊन बॉयलरवर येणारा, काट्यावर वजन मारणारा, पैसे घेऊन चिठ्ठी देणारा माणूस कारखान्यात राहता कामा नये. पैसे घेऊन चिठ्ठी देणारा चिटब९य हा दोन एकरवाल्याचा पहिला शत्रू आहे, हे आमच्याइतके कोणाला माहीत?

पण काढण्याची रीत आहे. काय केले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, हे लेखी आरोपपत्रात द्यावे. त्याचे उत्तर घ्यावे. चौकशी अधिकारी असा नेमावा ज्याचा त्या भांडणाशी संबंध नाही. साक्षीदार त्याच्या समोर तपासावेत, त्याला उलट प्रश्न विचारू द्यावेत. मग कारणे देऊन हुकूम काढावा. निलंबित केले असेल तर नव्या संहितेप्रमाणे चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची असते, आणि त्या काळात निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यायचा असतो. कामगाराच्या वागण्यामुळे दिरंगाई झाली नसेल तर पुढे ७५ टक्के. हे तीन महिने लांबण वाटतात. पण तीन महिन्यांची चौकशी परवडते, सात वर्षांचा खटला परवडत नाही. आणि अशा रीतीने काढलेला माणूस कोर्टात सहसा परत येत नाही, कारण कागद बोलतात.

यात एक अडचण सभासदांचीच आहे. तक्रार करायला दहा जण येतात, साक्ष द्यायला एकही नाही. "माझं नाव पुढं आणू नका" असे म्हणून जातात. मग चौकशी कोणाच्या जिवावर करायची? जो माणूस खरोखर काढण्यालायक आहे तो आपल्या या भिडस्तपणामुळे राहतो, आणि जो वहीप्रमाणे चालतो तो कोणाच्या तरी रागामुळे जातो.

आमच्या सूचना

संचालक मंडळाने आणि सभासदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी विनंती आहे.

एक, राजीनामा ज्या दिवशी आला त्याच दिवशी मंजूर करू नये. कामगार अधिकाऱ्यांनी त्या माणसाला एकट्याला बोलावून विचारावे, निदान सात दिवस जाऊ द्यावेत. मंजुरीचे पत्र कामातून मोकळे करण्याच्या तारखेसह त्याच्या हाती देऊन सही घ्यावी. राजीनामा मागे घेण्याचा अर्ज आला तर आवक बारनिशीत नोंदवलाच पाहिजे.

दोन, कोणाही कामगारास तोंडी हुकमाने, फोनवरून किंवा सभेत घोषणा करून कमी करू नये. सभासदाची तक्रार गट ऑफिसातील तक्रार वहीत लेखी घ्यावी, आणि तक्रार करणाऱ्याने चौकशीत उभे राहावे.

तीन, हंगामी कामगारांची ज्येष्ठता यादी हंगामाआधी प्रत्येक गट ऑफिसाच्या फळ्यावर लावावी. तोडणी कार्यक्रमाशेजारीच लावावी. दोन्ही याद्या एकमेकींना सांभाळतात.

चार, वार्षिक सभेत सभासदांनी साखरेचा भाव विचारावा तसा हाही प्रश्न विचारावा : नोकरीवरून काढल्याचे किती खटले चालू आहेत, आणि ते हरल्यास किती रक्कम द्यावी लागेल? ताळेबंदाला जोडलेल्या टिपांत संभाव्य देण्यांचा आकडा असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. यंदा वाचावा.

तोडणी मजुरांचे आणि मुकादमांच्या उचलीचे वाद हे याहून निराळे आहेत. त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

बंधू-भगिनींनो, गट ऑफिसात आलेल्या त्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही शेवटी एक प्रश्न विचारला होता. "आज तुमच्या शब्दावर हा पोरगा गेला, तर उद्या दुसऱ्याच्या शब्दावर नवा येईल. तो तुमचा नंबर सांभाळील का?" ते थोडा वेळ गप्प बसले. त्यांचा धाकटा मुलगा दुसऱ्या एका कारखान्यात काट्यावर कामाला आहे. उठताना म्हणाले, "आमच्या बारक्याचं पण असंच कुणीतरी सांगत असंल की तिकडं."

आपल्या घरोघरी हीच परिस्थिती आहे. बाप सभासद आणि मुलगा कामगार. एकाच ताटातले दोन घास. म्हणून राग आला तर बोलावे, लेखी तक्रार करावी, चौकशी मागावी. पण कोणाच्या हातात कोरा कागद देऊन 'लिही' असे म्हणू नये, आणि दुसरा कोणी म्हणत असेल तर त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. आम्ही एकदा केली. पुन्हा करणार नाही.